मदत हवी आहे : लिनक्स मिंट बसवल्यापासून विंडोज वारंवार बंद पडत आहे

जाणकारांना नमस्कार.

माझा बार्शीत डीटीपीचा (संगणकावरील अक्षरजुळणीचा) लहानसा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामे मी करतो. गेले तीन आठवडे माझा संगणक काम चालू असताना मध्येच निळा पडदा दाखवून बंद पडत आहे, आणि मी लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) बसवले त्याच आठवड्यात हे सुरू झाले. तुळशीचे लग्न होऊन गेल्याने पत्रिकांची कामे अंगावर आली आहेत. म्हणून प्रश्न होईल तितक्या तपशिलाने मांडतो. लांबण लागल्यास क्षमस्व.

संगणक २०१७ साली जुळवून घेतलेला आहे. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ ७४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि नंतर बसवलेली ५०० जीबीची सॅटा एसएसडी (सॅटा केबलीने मदरबोर्डला जोडली जाणारी डिस्क) असून तिच्यावर विंडोज १० आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागत असल्याने तो मार्ग माझ्यासाठी बंद आहे. दुसरीकडे, पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट यांच्यावर माझे पोट असल्याने विंडोज सोडणेही शक्य नाही. तेव्हा अक्षरजुळणी विंडोजवर इंटरनेट न जोडता करावी आणि ईमेल, बँक, जीएसटी ही कामे लिनक्सवर करावीत, असे ठरवून मी २४० जीबीची एक वेगळी एसएसडी आणली आणि पाडव्याच्या सुटीत तिच्यावर लिनक्स मिंट २२ बसवले.

बसवताना मी निष्काळजीपणा केला नाही, हे मुद्दाम नमूद करतो. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होता यावे म्हणून विंडोज पूर्णपणे बंद न करणारी सोय) आधी बंद केले. मिंटच्या इन्स्टॉलरला जुनी डिस्क दिसूच नये म्हणून कॅबिनेट उघडून तिची सॅटा केबल काढून ठेवली, मिंट नव्या डिस्कवर पूर्ण बसल्यावर केबल पुन्हा जोडली आणि मगच झाकण लावले. एरवी विंडोज आपोआप सुरू होते आणि मिंट हवे असल्यास मी बूट मेनूतून निवडतो.

आता दोष कसा दिसतो ते सांगतो. काम करता करता माऊसचा बाण हलत राहतो, पण क्लिक घेतले जात नाही आणि कॅबिनेटवरील डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला राहतो. अर्ध्या-एक मिनिटाने निळा पडदा येतो. त्यावर बहुतेक वेळा 'कर्नल डेटा इनपेज एरर' असे असते. दोनदा 'क्रिटिकल प्रोसेस डाइड' असे होते. खाली माहिती गोळा करण्याची जी टक्केवारी दिसते ती शून्यावरच अडकून राहते. एकदा मी चहा पिऊन वीस मिनिटांनी परतलो तरी शून्यच होते. कंटाळून रीसेटचे बटण दाबले की मी न निवडताच मिंट सुरू होते, आणि बायोसमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डमधील प्रोग्रॅममध्ये) जाऊन पाहिले तर तेथे विंडोजची डिस्क दिसतच नाही. मागचे मुख्य बटण बंद करून मिनिटभराने चालू केले, तर जणू काही झालेच नाही अशा थाटात विंडोज उघडते.

याखेरीज विंडोजमधील घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडते. वेळ दुरुस्त केली तरी एकदा मिंटमध्ये जाऊन आले की पुन्हा तेच.

मिंट मात्र एकदाही बंद पडलेले नाही. फक्त तेथून जुन्या डिस्कवरचे फोल्डर उघडताना (चालू कामे मी विंडोजच्या डेस्कटॉपवरच ठेवतो, ही वाईट सवय आहे हे मान्य) कधी कधी खिडकी अर्धा मिनिट गोठते आणि पुन्हा चालू लागते.

यावरून माझा समज असा झाला आहे की मिंटने विंडोजच्या कुठल्या तरी मुळाशी हात घातला असावा. एरवी घड्याळ बिघडणे आणि निळ्या पडद्यानंतर मिंटनेच पुढे येणे यांचा अर्थ लागत नाही. विंडोजच्या सिस्टीम फाइली तपासून झाल्या, चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) झाली, मेमटेस्टच्या (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या) चार फेऱ्या रात्रभर चालवल्या. कोठेही चूक निघाली नाही. डिस्कची प्रकृती दाखवणारा प्रोग्रॅम एसएसडी ९६ टक्के उत्तम आहे असे सांगतो. येथील दुरुस्तीवाल्यांचा सल्ला आहे की दोन्ही डिस्का फॉरमॅट करून एकच विंडोज ठेवावे. तसे केल्यास फॉन्ट आणि प्रोग्रॅम पुन्हा बसवण्यात माझे दोन दिवस जातील. ते करण्यापूर्वी विचारतो : मिंट काढल्याने हा दोष जाईल का, आणि नसल्यास मी कोठे पाहावे?

प्रतिसाद १

एका संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम ठेवू नयेत, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. मलाही असाच त्रास झाला होता आणि फॉरमॅट केल्यावर तो गेला. दोन दिवस जातील, पण कटकट मिटेल.

प्रतिसाद २

कृपया इतक्यात फॉरमॅट करू नका. आधी डेस्कटॉपवरील चालू कामांची प्रत मिंटमध्ये जाऊन नव्या डिस्कवर आणि शिवाय एखाद्या पेनड्राइव्हवर काढून घ्या, कारण माझा अंदाज बरोबर असेल तर त्या फाइली या क्षणी धोक्यात आहेत.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या आहेत. घड्याळाचा दोष खरोखर मिंटमुळे आहे, पण तो निरुपद्रवी आहे. मदरबोर्डवरील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते. भारतीय वेळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने फरकही नेमका तेवढाच पडतो. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने हे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की हा प्रश्न मिटेल.

निळ्या पडद्याचे मात्र तसे नाही. वेगळ्या डिस्कवरची ऑपरेटिंग सिस्टीम चालू नसताना ती काहीच करू शकत नाही. तिच्या खुणा राहू शकतात त्या तीनच ठिकाणी : मदरबोर्डमधील बूटक्रमाची यादी, ते घड्याळ, आणि तिने दुसऱ्या डिस्कवर काही लिहिले असल्यास तेथील फाइली. यांपैकी कशानेही बायोसमधून अख्खी डिस्क नाहीशी होत नाही. बायोसला डिस्क दिसत नाही त्या वेळी विंडोजही चालू नसते आणि मिंटही नसते. तेव्हा दोष त्या दोघांच्याही खाली, म्हणजे लोखंडात (हार्डवेअरमध्ये) आहे.

तुम्ही दिलेले तपशील या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. 'कर्नल डेटा इनपेज एरर' याचा अर्थ असा, की विंडोजला स्वतःचेच एक पान डिस्कवरून परत आणायचे होते आणि ते आणता आले नाही. टक्केवारी शून्यावर अडकते, कारण ती माहिती ज्या डिस्कवर लिहायची तीच गायब आहे. रीसेटनंतर मिंट येते, कारण यादीतली पहिली डिस्क न सापडल्याने मदरबोर्ड दुसरीकडे वळतो. मिंटने सत्ता बळकावलेली नाही, गादी रिकामी दिसली म्हणून त्याला बसवले जाते. मिंट स्वतः बंद पडत नाही, कारण त्याचे बिऱ्हाड दुसऱ्या डिस्कवर आहे. आणि जुन्या डिस्कवरचे फोल्डर उघडताना खिडकी अर्धा मिनिट गोठते, हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले असले तरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे तेच आहे. तो तोच दोष आहे. फक्त लिनक्स तेथे जोडणी पुन्हा पुन्हा करून पाहते आणि तगते.

तुम्ही ज्या दिवशी मिंट बसवले त्याच दिवशी जुन्या डिस्कची केबल काढून पुन्हा जोडली. माझा संशय त्या केबलीवर आहे.

खात्री करणे अवघड नाही. मिंटमध्ये जुन्या डिस्कवरून पंधरा-वीस जीबी फाइली नव्या डिस्कवर उतरवा आणि मग टर्मिनलमध्ये सुडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने) डीमेसेज ही लिनक्सच्या अंतर्गत नोंदी दाखवणारी आज्ञा देऊन 'हार्ड रिसेटिंग लिंक' (डिस्कची जोडणी तोडून पुन्हा करत आहे) अशा ओळी येतात का ते पाहा. मिंटच्या डिस्क्स या प्रोग्रॅममध्ये स्मार्टची (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेली) माहिती उघडून १९९ क्रमांकाची नोंद, म्हणजे सीआरसी चुकांचा (डेटा वाटेत बिघडल्याच्या चुकांचा) आकडा, फाइली उतरवण्यापूर्वी आणि नंतर टिपून ठेवा. या चुका डिस्कच्या पोटात होत नाहीत, केबलीतून जाताना होतात. त्यामुळे चेकडिस्कला त्या सापडत नाहीत आणि प्रकृतीच्या टक्केवारीतही त्या धरल्या जात नाहीत. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही (घडामोडींच्या नोंदवहीत) १२९ क्रमांकाच्या, म्हणजे डिस्कची जोडणी रीसेट केल्याच्या, नोंदी असल्या पाहिजेत. एक लक्षात ठेवा, केबल बदलल्यावर १९९ चा आकडा खाली येणार नाही. तो वाढायचा थांबला की काम झाले असे समजावे.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे आधी फाइलींच्या प्रती काढल्या आणि मग तपासणी केली.

१९९ क्रमांकापुढे १,८४६ हा आकडा होता. सुमारे वीस जीबी फाइली उतरवल्यावर तो १,९१३ झाला. डीमेसेजमध्ये 'हार्ड रिसेटिंग लिंक' ही ओळ ३७ वेळा आली होती, आणि एके ठिकाणी जोडणीचा वेग ६ गिगाबिटवरून ३ आणि तेथून दीडवर उतरवल्याची नोंद होती. हे वाचायला शिकल्यावर विंडोजमधील १२९ च्या नोंदीही सापडल्या. पहिली नोंद पाडव्याच्याच संध्याकाळची आहे.

मग कॅबिनेट उघडले. जुन्या डिस्कची लाल केबल २०१७ ची असून तिच्या टोकाला धातूची पकड नाही. मी ती जोडली तेव्हा नीट बसली होती अशी माझी खात्री होती, परंतु झाकण लावताना केबलीचे वळण झाकणाच्या पत्र्याला टेकत असावे आणि त्या दाबाने टोक एका बाजूने उचलले गेले असावे. बोटाने हलकेच स्पर्श केला तरी ते डुलत होते. विनोद असा, की नव्या डिस्कबरोबर आणलेली पकडवाली चांगली केबल मी मिंटच्या डिस्कला लावली होती.

१२० रुपयांना पकड असलेली, एका टोकाला काटकोनात वळलेली केबल मिळाली. ती लावताना 'कट्' असा आवाज होतो, तो मला पूर्वी माहीतच नव्हता. त्यानंतर मुद्दाम ४० जीबी फाइली इकडून तिकडे नेल्या, तरी आकडा १,९१३ वरच आहे. आज अकरावा दिवस आहे. या काळात नऊ पत्रिका आणि एक अहवाल छापायला गेला, निळा पडदा एकदाही आला नाही, आणि घड्याळही आता मागे पडत नाही. मिंट आहे तेथेच ठेवले आहे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांना एक विनंती. आपण फॉरमॅट केले तेव्हा कॅबिनेटही उघडले होते का, हे आठवत असल्यास कृपया लिहावे.

संपादकांना शक्य असल्यास धाग्याच्या शीर्षकातील लिनक्स मिंटचे नाव काढून तेथे 'सॅटा केबल' असे घालावे, म्हणजे हाच त्रास असणाऱ्याला शोधताना हा धागा सापडेल.