मदत हवी आहे: आउटडोअर वुड बॉयलर, जमिनीखालच्या पाइपात उष्णता जातेय

थंडोबा
विस्कॉन्सिनच्या उत्तरेला राहतो. घरामागे लाकडावरचा आउटडोअर बॉयलर आहे, त्यात तापलेलं पाणी पाइपातून घरात फिरून घर गरम करतं. बॉयलरवर १८० दाखवतो, घरात पोचेपर्यंत १६१. लाकूड गेल्या हिवाळ्याच्या जवळजवळ दुप्पट जातंय, मध्यरात्री उठून भट्टी भरावी लागते. पाइप जमिनीखालून आहेत, इन्सुलेटेड आहेत. इथला एक मिस्त्री म्हणतो मोठा पंप टाका. टाकू का? या आठवड्यात पारा आणखी उतरणार आहे, जरा लवकर सांगा. "भारतात परत या" वगैरे सल्ले नकोत.

आकडेमोड
फॅरनहाइट धरतो. पण अर्धी माहिती तुम्ही खिशातच ठेवली आहे. पाइप किती लांब, किती इंची, किती खोल? "इन्सुलेटेड" म्हणजे काय? कारखान्यातून फोम भरून आलेला, की चंदेरी बबल गुंडाळून काळ्या ड्रेनेजच्या नळीत सरकवलेला? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि १८० व १६१ एकाच थर्मामीटरने मोजलेत का?

नचिकेत७७
लाकूड फोडा, वाळवा, रात्री उठा, ही उठाठेव हवीच कशाला? हल्ली थंड प्रदेशासाठीचे हीट पंप उणे २५ सेल्सिअसलाही चालतात. शिवाय धूर. नव्या वुड बॉयलरना २०२० पासून इपीएचे, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे, निकष कडक झालेत, ते उगाच नाही.

थंडोबा
नचिकेत, बॉयलर जुना आहे आणि लाकूड फुकट आहे. माझ्या रानात अॅशची झाडं किड्याने मेलेली उभी आहेत, ती काय शोभेला ठेवू? प्रश्न पाइपाचा आहे.
आकडेमोड, अंतर १२० फूट. पेक्स म्हणजे प्लॅस्टिकचा एक इंची पाइप, जाणारा आणि येणारा दोन्ही एकाच काळ्या नळीत, वर चंदेरी गुंडाळी. आधीच्या मालकाने टाकलाय, खोली अडीच फूट असावी. १८० बॉयलरच्या पॅनेलवरचा, १६१ इन्फ्रारेड गनने घरातल्या पाइपावर. पंपाचं सांगा ना कोणीतरी.

सीमा_व्हरमाँट
ती गन पेक्सवर धरली की बाहेरच्या प्लॅस्टिकचा आकडा दाखवते, आतल्या पाण्याचा नाही. चकचकीत पितळेवर तर काहीही दाखवते. दोन्ही टोकांच्या पितळी जोडांवर काळी चिकटपट्टी लावा आणि त्याच गनने दोन्हीकडे मोजा. तुमच्या १९ डिग्रीतल्या निम्म्या तिथेच उडतील.
तरीही निम्म्या उरतील, हेही सांगते. आमच्याकडे अगदी हीच काळी नळी होती. चार हिवाळे तिच्याशी भांडले आणि शेवटी उपटून फेकून दिली.

प्लंबर_नाही_पण
ओंटारिओतून. माझ्या मते मिस्त्री बरोबर बोलतोय. पाणी रेंगाळत आलं तर वाटेत गार होणारच. आमच्याकडे पंप बदलला आणि घरातला आकडा एका दिवसात वर गेला.

आकडेमोड
आकडा वर गेला, मान्य. लाकूड किती वाचलं?

प्लंबर_नाही_पण
लाकूड मोजलं नाही. घर गरम झालं, बायको खूश. आणखी काय पाहिजे?

आकडेमोड
हाच घोळ आहे. तापमान किती पडलं म्हणजे उष्णता किती गेली, असं नसतं. ताशी बीटीयू (उष्णतेचं माप) = ५०० × प्रवाह (मिनिटाला गॅलन) × तापमानातला फरक. प्रवाह दुप्पट केलात तर फरक निम्मा दिसेल, पण जमिनीत जाणारी उष्णता तेवढीच राहील. किंबहुना पाइप सरासरी जास्त गरम राहिल्याने चिमूटभर वाढेलच. घर गरम होतं ते घरातली हवा तापवणाऱ्या कॉइलला जास्त गरम पाणी मिळतं म्हणून. दोन वेगळे आजार आहेत.

भट्टीवाला_आप्पा
नमस्कार. माझी उभी हयात साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसात गेली, सध्या मुक्काम सांगली. तुमच्याकडचं लाकूड, आमच्याकडचं बगॅस (उसाची चिपाडं), बाकी पाइप तो पाइपच. गळीत हंगामात अवकाळी पाऊस झाला आणि स्टीम लाइनच्या लॅगिंगवरचा (म्हणजे उष्णता अडवणाऱ्या वेष्टणावरचा) पत्रा कुठे उचकटलेला असला, की ग्लास वूल पाणी पिऊन बसायचं. बाहेरून लाइन एकदम टकाटक. हात पत्र्याजवळ नेला की कळायचं. कोरडं लॅगिंग उष्णता अडवतं ते त्यात कोंडलेल्या हवेच्या जोरावर. हवेच्या जागी पाणी शिरलं की ते लॅगिंग असून नसून सारखं. म्हणून एकच विचारतो, त्या नळीत पाणी आहे का?

पेठेतली_काकू
विषय वेगळा आहे पण बॉयलर वाचून राहवलं नाही. आमच्याकडे तांब्याचा बंब होता, चार ढलप्यांत सगळ्या घराच्या अंघोळी व्हायच्या. मोरीतच असल्याने १२० फूट पाइपाचा प्रश्नच नव्हता. 😀 आता तसा जाड पत्र्याचा बंब कुठे मिळेल? नातीला दाखवायचा आहे.

प्लंबर_नाही_पण
काकू, कोल्हापुरात बघा. पण जाड पत्र्याचा हवा असेल तर मोड देऊन बनवूनच घ्यावा, तयार मिळतात ते शोभेचे असतात.

थंडोबा
बंबासाठी वेगळा धागा काढा, प्लीज.
काळी पट्टी लावून मोजलं. बॉयलरपाशी १७६, घरात १६६. आप्पा, नळीत पाणी असायचं कारण नाही, दोन्ही तोंडं बंद आहेत. फोमने बुजवलेली दिसतात.

सीमा_व्हरमाँट
दोन प्रश्न, आणि "कारण नाही" हे उत्तर चालणार नाही. एक, पाइपाच्या रेषेवर बर्फ टिकतो का? दोन, तळघरात नळी भिंतीतून येते तिथे ओल आहे का?

थंडोबा
बर्फ टिकत नाही. घरापासून बॉयलरपर्यंत पट्टा काळाच असतो, कुत्रा दिवसभर त्यावरच पसरलेला असतो. पाइप गरम आहे म्हटल्यावर तसंच होणार ना? भिंतीपाशी थोडं ठिबकतं. तिथे गार-गरम हवा भेटते त्याचा दव असेल.

सीमा_व्हरमाँट
😳 अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! चांगल्या फोमच्या पाइपावर शेजारच्या अंगणाइतकाच बर्फ असतो. माझ्याकडे आता चर कुठून गेलाय ते खुणेचा दगड ठेवल्याशिवाय सापडत नाही. त्या ठिबकणाऱ्या पाण्यात बोट घालून बघा. आणि बॉयलरची पातळी उतरतेय का?

थंडोबा
पाणी कोमट आहे. बॉयलरची पातळी हलत नाही. बॉयलरच्या पाण्यात गंज रोखायचं औषध आहे, रंग जांभळट. हे ठिबकणारं स्वच्छ आहे.

भट्टीवाला_आप्पा
म्हणजे पाइप फुटलेला नाही, जमिनीतलं पाणी नळीत शिरलंय. तोंडं बुजवल्यामुळे आलेलं पाणी बाहेर पडायचं बंद झालं, एवढंच. तुम्ही विहीर तापवताय.

आकडेमोड
किती तापवताय ते पंपाचा प्रवाह न कळताही मोजता येईल. भट्टी पूर्ण विझू द्या, निखारेसुद्धा नकोत. घरातला ब्लोअर बंद ठेवा, गरम पाण्याची टाकी बायपास करा. एक तास पंप बंद ठेवून बॉयलरचं तापमान किती उतरतं बघा, मग एक तास पंप चालू ठेवून. दोन्हींतला फरक म्हणजे पाइपातली गळती. बॉयलरमध्ये पाणी किती मावतं?

थंडोबा
२०० गॅलन. पंप बंद ठेवला तर पाइप गोठणार नाहीत ना?

सीमा_व्हरमाँट
तुमच्या त्या पट्ट्याखाली? तासाभरात? नाही. मात्र विसरून झोपू नका.

थंडोबा
पंप बंद असताना तासात ४ डिग्री उतरलं, चालू असताना २१.

आकडेमोड
२०० गॅलन म्हणजे साधारण १,६७० पौंड पाणी, एका डिग्रीला १,६७० बीटीयू. १७ डिग्रीचे ताशी २८,००० च्या वर, म्हणजे आठ किलोवॅट. दिवसाचे पावणेसात लाख बीटीयू. ओकच्या एका कॉर्डमध्ये (रचलेल्या लाकडाचं माप) ढोबळमानाने २.४ कोटी बीटीयू, जुन्या बॉयलरची कार्यक्षमता निम्मी धरली तर हाती १.२ कोटी. दर साडेसतरा दिवसांना तुमची एक आख्खी कॉर्ड जमिनीत जाते. अॅश असेल तर थोडी आणखी लवकर.
आता उलटं बघा. गळतीतला निम्मा वाटा जाणाऱ्या पाइपाचा धरला आणि त्यात तापमान १० डिग्री पडत असेल, तर प्रवाह मिनिटाला तीन गॅलनसुद्धा नाही. एक इंची पाइप आणि धड पंप असताना सात-आठ यायला हवेत. तेव्हा प्लंबर_नाही_पण यांचंही अर्धं बरोबर. पंप विकत घेण्याआधी वाय-स्ट्रेनर, म्हणजे पाइपातली गाळणी, उघडा.

प्लंबर_नाही_पण
अर्धं का होईना. 🙏

थंडोबा
स्ट्रेनर गाळाने गच्च होता. साफ केल्यावर घरात १७३ येतंय, घर छान तापलं. लाकूड मात्र तेवढंच खातोय, वर सांगितलंत तसं. आता पाण्याचं काय करू? मिस्त्री म्हणतो नळीत फोमचं मिश्रण ओता, फुगून सगळं भरेल.

सीमा_व्हरमाँट
मुळीच नको. पाणी भरलेल्या १२० फूट नळीत फोम शेवटपर्यंत पोचत नाही. मध्येच गोळे होऊन बसतो आणि मग पाइप ओढून काढायचे वांधे.
तूर्तास भिंतीकडचा फोम खरवडून काढा आणि पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने जेवढं निघेल तेवढं उपसा. परत भरेल, परत उपसा. थंडी त्याच्यावर निघेल. बर्फ वितळायला लागला की एका दिवसात जास्त पाणी येईल, तेव्हा तोंड पुन्हा बुजवू नका, खाली बादली किंवा संप (पाणी साठवायची टाकी) ठेवा.

नचिकेत७७
बादली उपसायचीच असेल तर हीट पंपाचं कोटेशन तरी मागवून ठेवा.

थंडोबा
पेंढ्याच्या गाठी पट्ट्यावर रचल्या तर? शेजारी तसं करतो.

भट्टीवाला_आप्पा
भिजलेल्या लॅगिंगला वरून घोंगडी पांघरून उपयोग नाही. उष्णता पाण्याबरोबर आडवी चाललीय, वर जातेय ती थोडीच. पैसे घालायचे तर एकदाच घाला. दोन्ही पाइप बंद पेशीच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोममध्ये वेगवेगळे ठेवलेला तयार पाइप घ्या. आता तुमच्याकडे गरम आणि गार एकमेकांना चिकटून झोपलेत, जाणाऱ्याची उष्णता वाटेतच येणाऱ्याला मिळतेय.

थंडोबा
तो प्रचंड महाग आहे हो आप्पा. फुटाची किंमत बघूनच घाम आला.

आकडेमोड
१२० फुटांचा हिशोब लाकडाशी लावा. लाकूड फुकट असलं तरी फोडणं, रचणं आणि मध्यरात्री उठणं फुकट नाही.

थंडोबा
बरं, मे महिन्यात घालतो. चर तोच वापरू का नवा? अंगणाला उतार घराकडेच आहे.

सीमा_व्हरमाँट
घराकडे उतार! हेही आत्ता सांगताय. मग चराच्या तळाशी खडी आणि भोकांची ड्रेनेज नळी टाकून पाणी घराला वळसा घालून बाहेर काढा, पाइप त्याच्या वर. जुन्या चरात चिखल असणार, मी असते तर दोन-तीन फूट बाजूने नवा घेतला असता. आणि फावडं लावायच्या आधी ८११ ला फोन करा, गॅस-विजेच्या लाइनी ते फुकट खूण करून देतात.

पेठेतली_काकू
कोल्हापुरात नक्की कुठे, प्लंबर_नाही_पण?