रंग गेला म्हणजे पाणी साफ झालं का? (एमएस्सी प्रोजेक्ट)

गाळवाला_२३:
इचलकरंजीतल्या एका नाल्याचा गाळ आणून त्यातनं बॅक्टेरिया काढलेत. ब्रॉथमध्ये (बॅक्टेरिया वाढवायचं पातळ खाद्य) रिअ‍ॅक्टिव्ह रेड हा कापडाचा रंग टाकला, लिटरला 50 मिलिग्रॅम. शेकरवर (फ्लास्क हलवत ठेवणारं मशीन) दोन दिवस फिरवला तरी लालभडक तसाच, आणि एक फ्लास्क चुकून टेबलावर राहिलेला तो सकाळी बघतोय तर पार ताकासारखा! असं उलटं का? आणि प्रोजेक्ट झाला समजू का?

जुनी_लॅबवाली:
उलटं काही नाही रे. तुझा डाय अ‍ॅझो आहे, म्हणजे त्यात दोन नायट्रोजन एकमेकांना जोडलेले असतात, तो जोड तुटला की रंग जातो, आणि तो तोडायला बॅक्टेरियातल्या अ‍ॅझोरिडक्टेज या एन्झाइमला इलेक्ट्रॉन लागतात. शेकरवर हवा मिळते ना, मग ते इलेक्ट्रॉन आधी ऑक्सिजनच पळवतो. पण झाला वगैरे समजू नकोस, तुटल्यावर रंगाचे तुकडे, म्हणजे अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स, उरतात, दिसत नाहीत पण त्यातली काही मूळ रंगापेक्षा विषारी असतात. ती अमाइन्स बॅक्टेरियांनी तोडायला मात्र हवा लागते, म्हणून आधी स्थिर ठेव, मग हवा दे. आणि सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून तळाला बसलेला पेशींचा गोळा, म्हणजे पेलेट, बघितलास का? लाल असेल तर रंग तुटला नाही, नुसता पेशींना चिकटलाय.

डाईंगवाला_भाऊ:
ताई बरोबर बोलल्या पण आमचं पाणी तुमच्या ब्रॉथसारखं गोडगोड नसतंय ओ, कॉटनला रिअ‍ॅक्टिव्ह मारायचा म्हणजे मीठ ढीगभर, वर सोडा, पाणी 60 डिग्रीला गरम, त्यात किती बॅक्टेरिया टिकतील सांगा. शिवाय आज काळा तर उद्या टर्क्वाइज.

जुनी_लॅबवाली:
टर्क्वाइजचं बरं काढलंत भाऊ, तो बहुतेक वेळा अ‍ॅझो नसतोच, तांब्याचा थॅलोसायनिन असतो, म्हणजे वेगळ्याच जातीचा रंग, तिथे हे एन्झाइम काय करणार! मिठाचं पण खरंय, म्हणून मीठ वाढवत वाढवत टेस्ट घे रे.

गाळवाला_२३:
पेलेट पांढरंच आलं!! पण ते साफ पाणी शेकरवर ठेवल्यावर तपकिरी पडायला लागलंय, काय बिघडलं?

जुनी_लॅबवाली:
काही अमाइन्स हवेत आपोआप अशीच काळवंडतात. पाणी विषारी आहे का बघायला त्यात ज्वारी भिजवून मोड येतात का बघ.

गाळवाला_२३:
ज्वारी नाही, मूग आहेत घरात, चालतील?

जुनी_लॅबवाली:
पळतील. तीन वाट्या कर, एकीत साधं पाणी, एकीत मूळ रंगाचं, एकीत हे. आणि आईला आधी सांगून ठेव, नाहीतर उसळ होईल त्याची.