जात्यावरच्या ओव्या चित्रित करायच्यात, १२ हजारात काय घेऊ?

जांबोटीकडची
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटी भागातली. आमच्या आत्तीला आणि तिच्या जावेला जात्यावरच्या ओव्या येतात. एकीनं धरली की दुसरी पुढची जोडते, तासभर थांबत नाहीत. आत्तीची सत्तरी उलटली. जातं अजून सोप्यात आहे, पण दळण गिरणीत जातं, त्यामुळं ओव्या ऐकायला मिळतात त्या लग्नघरात हळद दळतानाच. दिवाळीच्या सुट्टीत मला त्या नीट चित्रित करून ठेवायच्यात.

माझ्याकडं साधा रेडमी आहे, हेडफोनची पिन बसते असा. बाजूला ठेवलेले १२ हजार आहेत. बेळगावात एका दुकानात जुना कॅनन १३००डी लेन्ससकट दाखवला, फोनवर काही खरं नाही म्हणाले. सोप्यात उजेड कमी, वर कौलं, एकच ट्यूब. कॅमेरा घेऊ की फोनवरच करू? आणि पैसे पहिल्यांदा कशावर घालू?

शहापूरवाला
ताई, तो कॅमेरा राहू दे. १३००डी फोटोला चांगला आहे, पण त्याला बाहेरचा माइक जोडायची सोयच नाही. ओव्या घ्यायच्या आणि आवाज कॅमेऱ्याच्या अंगातल्या बारक्या माइकवर, हे काही बरोबर नाही. २००डीला माइकची पिन बसते, पण चांगल्या अवस्थेतला घ्यायला गेलात तर सगळे पैसे त्यातच जातील.

मी शहापुरात राहतो, लग्नाचे व्हिडिओ काढतो. बेळगाव, खानापूर, चंदगड सगळीकडं जाणं असतं. चित्र थोडं अंधुक असलं तरी माणसं बघतात, आवाज फाटला की लगेच बंद करतात. तुमच्या कामात तर आवाजच सगळं आहे. म्हणून पहिले पैसे आवाजावर घाला.

वायरचा कॉलर माइक घ्या, बोया बीवाय-एम१ सारखा. हजाराच्या आसपास मिळतो, वायर ६ मीटरची असते, म्हणजे फोन लांब उभा करता येतो. त्यावर फोन आणि कॅमेरा असं एक बटण असतं, ते फोनवर ठेवायचं. सध्या सगळे तुम्हाला वायरलेस जोडी सुचवतील. स्वस्तातल्या बऱ्याच जोड्यांत आजूबाजूचा गोंगाट कापायची सोय असते. बोलण्याला ती उपयोगी आहे, पण एकसारखा चालणारा कुठलाही आवाज तिला गोंगाटच वाटतो, आणि जात्याची घरघर नेमकी तशीच. ती दाबताना ओवीचा लांबवलेला शेवटचा सूरही मधेच तुटतो. ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते की ओ! घरघर काढून टाकली तर ऐकणाऱ्यानं लय धरायची कशावर? वायरलेस घ्यायचाच असेल तर ती सोय बंद करता येते का ते दुकानातच बघा.

माइक आत्तीच्या पदराला लावू नका. हात फिरला की पदर घासतो, आणि मग चिरचिर ऐकू येते. दोघी समोरासमोर बसणार, तर जात्याच्या जरा बाजूला एक काठी उभी करा आणि दोघींच्या तोंडापासून सारख्या अंतरावर, छातीच्या उंचीला माइक बांधा. जमिनीवर ठेवलात तर दगडाचा दणका त्यात शिरेल. घरातला दुसरा कुठला फोन असेल तर तोही आवाज घेत जवळ ठेवून द्या. सुरुवातीला एकदा टाळी वाजवा, दोन्ही आवाज नंतर त्या टाळीवर जुळवता येतात.

चित्रासाठी ओपन कॅमेरा हे ॲप घ्या, फुकट आहे. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा, नाहीतर हात पुढं आला की चित्र मधेच गडद, मधेच फिकं होत राहतं. १०८०पी पुरे. फोन एरोप्लेन मोडवर टाका, मधेच कुणाचा फोन आला तर ओवी गेली. ट्रायपॉड महागाचा नको, मधल्या दांड्याला तांदळाची पिशवी अडकवली की हलका ट्रायपॉडसुद्धा जागचा हलत नाही.

निपाणीकर
वरच्या दादांचं सगळं पटलं. उजेडाचं मी सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं नाही तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर व्हिडिओला शटर बदलता येतं का बघा. नसेल तर ट्यूब बंदच ठेवा. खरं तर तेच बरं. सकाळी दार सताड उघडा, जातं दारापाशी असं मांडा की उजेड दोघींच्या एका गालावर बाजूनं येईल. दुसऱ्या बाजूला पांढरं धोतर पसरून धरायचं, सावलीतला गालही दिसायला लागतो. लाइटवर पैसे घालू नका.

जांबोटीकडची
दोघांचे मनापासून आभार. कॅमेऱ्याचा विचार सोडला. एक विचारू? समोर फोन बघितला की आत्ती गप्प होते. आणि लॅपटॉपवर आवाज जुळवायला काय वापरू?

शहापूरवाला
आदल्या दिवसापासून काठी, माइक, ट्रायपॉड सोप्यात तसंच उभं करून ठेवा, डोळ्याला सवय होऊ दे. आणि जात्यात खरं धान्य घाला. रिकामं जातं ओढायला लावलं तर म्हणणारीला जोर येत नाही, दगडाचा आवाजही वेगळा येतो. 'आता म्हण' असं सांगू नका, दळायला बसवा.

जुळवायला शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, दोन्ही फुकट. फोनचा व्हिडिओ पुढं पुढं आवाजाच्या मागं पडायला लागला तर घाबरू नका. फोन सेकंदाला फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, कमीजास्त घेतो, त्यामुळं होतं ते. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून तो एकसारख्या फ्रेमरेटवर काढून घ्या आणि मग जोडा.

चंदगडची सून
मी माहेरची खानापूरचीच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत. तिथं ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. ते बघून ठेवा आणि तसंच करा. दोघींना आधी विचारा, हे बाहेरच्यांनी बघितलेलं चालेल का. मग माइकसमोरच त्यांच्या तोंडून नाव, माहेर, सासर आणि ही ओवी कुणाकडून शिकल्या ते घ्या. आपल्या भागात माहेर कुठलं त्यावर शब्द बदलतात. उरलेल्या पैशांत एक पोर्टेबल हार्डडिस्क घ्या, आणि त्याच संध्याकाळी एक प्रत तिच्यात आणि एक लॅपटॉपवर उतरवल्याशिवाय फोनमधलं काही पुसू नका.