जहाजं ठीक, पण तो झेंडा बघा

जर्मन चित्रकार कास्पर डेव्हिड फ्रीडरिशच्या 'आयुष्याचे टप्पे' या चित्रातली पाच जहाजं म्हणजे किनाऱ्यावरच्या पाच माणसांची आयुष्यं, असं नेहमी सांगतात, ते बरोबरच आहे, पण सगळे तिथेच थांबतात आणि मधल्या दोन पोरांच्या हातातला छोटासा झेंडा कुणी बघतच नाही. तो स्वीडनचा आहे! चित्र साधारण १८३५ चं, किनारा त्याच्या गावाजवळचा, बाल्टिकच्या काठचं ग्राइफ्सवाल्ड, जे १८१५ मध्येच प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलेलं. म्हणजे राज्य बदलून वीसेक वर्षं झाली तरी हा बाबा पोरांच्या हातात जुनाच झेंडा देतो, कारण १७७४ ला तो जन्मला तेव्हा तो सगळा भाग स्वीडनच्या राजाकडे होता. ती पोरं त्याचीच मानतात आणि त्यातल्या मुलाचं नाव काय, तर गुस्ताव आडोल्फ, थेट स्वीडिश राजाचं (हौस बघा). पाठमोरा म्हातारा म्हणजे तो स्वतः असंही मानतात. म्हणून मला हे चित्र नुसतं मरणाबद्दलचं वाटत नाही, गेलेल्या मुलखाबद्दलचंही वाटतं. मूळ चित्र लाइपझिगच्या म्युझियममध्ये आहे, मोठा फोटो मिळाला तर झूम करून आधी पोरांकडे बघा, जहाजं नंतर.