‘बुलपप’ म्हणजे आखूड नळीची रायफल का?

प्रश्न : एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात ‘बुलपप असॉल्ट रायफल’ आलंय. ती रायफल इस्रायलची टॅव्होर आहे, आणि तिला ‘आखूड नळीची रायफल’ म्हटलेलं वाचलंय. तेच लिहू का?

प्रतिसाद : कृपया नको. बुलपपमध्ये नळी आखूड नसते, बंदूक आखूड असते. सगळं इंगित त्यातच आहे.

नेहमीच्या रायफलीत मॅगझीन (काडतुसांची पेटी) चापाच्या, म्हणजे ट्रिगरच्या, पुढे असतं आणि मागचा दस्ता मुख्यतः खांद्याला टेकवायला. बुलपपमध्ये मॅगझीन आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा भाग) चापाच्या मागे, थेट दस्त्यात बसवतात. आपली इन्सास रायफल घ्या: लांबी सुमारे ९६० मिमी, नळी ४६४. इस्रायलची टॅव्होर टार-२१: लांबी सुमारे ७२० मिमी, नळी ४६०. नळी जवळपास तेवढीच, बंदूक मात्र वीतभर कमी! नळी लांब राहिल्यामुळे गोळीला पुरेसा वेग मिळतो, आणि चिलखती गाडीतून उतरताना किंवा अरुंद जिन्यात वळताना बंदूक अडकत नाही. भारतात लष्कराचे पॅरा स्पेशल फोर्सेस, नौदलाचे मार्कोस आणि हवाई दलाचे गरुड या कमांडोंच्या हातात टॅव्होर दिसते.

आणखी एक प्रतिसाद : वरचं बरोबर, पण त्याच घराण्यातल्या एक्स-९५ची नळी खरोखरच आखूड आहे, ३३० मिमी. इस्रायलने २००९ मध्ये पायदळासाठी तीच निवडली. तुमच्या लेखात नेमकं कोणतं मॉडेल आहे ते आधी बघा.

प्रश्नकर्ती : टार-२१च आहे. मैत्रिणीने ‘पश्चभरण रायफल’ सुचवलंय. आणि ट्रिगरला ‘घोडा’ लिहिलं तर?

प्रतिसाद : दोन्ही टाळा. पश्चभरण म्हणजे नळीच्या मागच्या बाजूने काडतूस भरणं. तसं तर आजच्या सगळ्याच लष्करी रायफलींत होतं, मग वेगळेपण काय राहिलं?

‘घोडा दाबला’ बोलताना चालतं, पण या लेखात घोटाळा होईल. बोटाने ओढतो तो चाप, काडतुसामागच्या पिनेवर आदळतो तो घोडा. बुलपपमध्ये चाप पुढे राहतो आणि घोडा मागे दस्त्यात जातो. दोघांना जोडायला लांब दांडी लागते. चाप ओढताना बोटाला ढिला, लिबलिबीत लागतो ही या बंदुकांबद्दलची जुनी तक्रार त्या दांडीमुळेच आहे. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

रिकाम्या काडतुसाला ‘पुंगळी’ लिहा. बुलपपमध्ये ती सहसा उजवीकडे, गालाजवळून बाहेर पडते, म्हणून डावखुऱ्यांची पंचाईत. ब्रिटनची एल-८५ उजव्याच खांद्यावरून चालवावी लागते. टॅव्होर आणि ऑस्ट्रियाची श्टायर ऑग यांत डावखुऱ्यांसाठी बोल्ट बदलून पुंगळीची बाजू फिरवता येते.

‘बुलपप’ शब्द तसाच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘मॅगझीन चापाच्या मागे असलेली बुलपप रायफल’ असं लिहा, पुढे नुसतं ‘बुलपप’ पुरे.