बीएस्सी सेकंड इयर झालंय, सुट्टीत दोन-तीन विषय मिसळलेला ऑनलाईन कोर्स करायचाय, एवढे पैसे घालावेत का?

पंचगंगेचं_पोरगं
नमस्कार मंडळी. बीएस्सी स्टॅट्स, सेकंड इयरची परीक्षा आत्ताच संपली, कॉलेज शिवाजी विद्यापीठाच्या अंडर हाय. थर्ड इयर चालू व्हायला अजून वेळ हाय आणि नुसतं स्टॅट्स करून कंटाळा आलाय, त्याच्याबरोबर पर्यावरण, भूगोल, थोडं अर्थशास्त्र असं काहीतरी एकत्र शिकायचंय म्हणून शोधालोय. अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीचा पाच आठवड्यांचा समर कोर्स सापडला, विषय एक नंबर हाय पण फी बघून घरात शांतता पसरली. पप्पा म्हणतात उसाचं बिल आलंय, खरंच उपयोग असेल तर भरू. आता हे ऐकल्यावर मलाच कसंतरी व्हायलंय. कुणी केलाय का असला कोर्स? क्रेडिट मिळतात का इकडं?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
भावा आधी घड्याळ बघ. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं असतंय, म्हणजे त्यांचा सकाळी नऊचा तास आपल्याला संध्याकाळी साडेसहाला पडतोय, ते बरं, पण दुपारी दोनचा असला तर इथं रात्री साडेअकरा. त्यात मे महिना, वळीव आला की लाईट गेली, लाईट गेली की वायफाय गेलं. आणि पाच आठवडे म्हणजे सोपं समजू नकोस, अख्ख्या सेमिस्टरचं तेवढ्यात कोंबतात, रोज वाचायला ढीगभर असतंय.

क्रेडिटचं म्हणशील तर बाहेरच्या कोर्सचे क्रेडिट आपल्या एबीसी खात्यात (सरकारी क्रेडिट बँकेत) आपोआप येऊन पडत नाहीत. कॉलेजला विचार, आणि तोंडी नको, लिहून घे. ऑफिसात "हो हो होतंय" म्हणायला पैसे पडत नाहीत.

चॉक_आणि_डस्टर
मी शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घे.

स्वयमवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाईन कोर्सच्या साइटवर, बघितलंस का? यूजीसीच्या 2021 च्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयममधून करता येतात, फक्त कॉलेजनं तो कोर्स मान्य केलेला पाहिजे. स्वयमवरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांच्या कोर्सच्या) मुख्य बॅच जानेवारी आणि जुलैला असतात, त्यामुळं पोरं मे महिन्यात बघून "काय नाही" म्हणून बंद करतात. पण जुन्या बॅचचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. आत्ता सुट्टीत निवांत बघून घे, जुलैला नाव नोंदव, मग असाइनमेंट जड जात नाहीत. असाइनमेंटचे 25, परीक्षेचे 75, सर्टिफिकेटला पहिल्यात निदान 10 आणि दुसऱ्यात 30 पाहिजेत. परीक्षा मात्र सेंटरवर जाऊन द्यावी लागते आणि तिची फी वेगळी, पण समर कोर्सच्या मानानं किरकोळ. भूगोलाच्या बाजूनं यायचं असेल तर इस्रोच्या डेहराडूनच्या आयआयआरएस या संस्थेचे रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या फोटोंवरून अभ्यास), जीआयएसचे (कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्यांचा डेटा) ऑनलाईन कोर्स फुकट असतात, तेही बघ.

आता मुद्द्याचं. विषय मिसळलेला कोर्स म्हणून नाव बघून घेऊ नकोस. अशा कोर्समध्ये बऱ्याचदा एक आठवडा हे, एक आठवडा ते, आणि शेवटी हाताला काहीच लागत नाही. तू आधी प्रश्न धर. तू पंचगंगेचं पोरगं ना? कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एक उघडला की 1428 क्युसेक पाणी सुटतं. मग दरवाजा उघडल्यापासून बंधाऱ्यावर पातळी चढायला किती तास लागतात? हे झालं तुझं स्टॅट्स. ते पाणी कुठल्या गल्लीत आधी शिरतं, हा भूगोल. 2019 ला आणि 2021 ला पातळी 55 फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा भाजी, दूध, पेट्रोलचं काय झालं, हे अर्थशास्त्र. आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय काढलास की कायदा आणि राजकारण दोन्ही चहाच्या टपरीवर फुकट शिकायला मिळतंय. असा प्रश्न हातात असला की कुठल्या कोर्समधले कुठले चार व्हिडिओ आपल्या कामाचे हे तुलाच कळतंय.

मिसळ_कट_वेगळा
सरांचं बरोबर हाय पण इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटच बघतात ओ. परदेशी नाव असलं की वजन पडतंय.

चॉक_आणि_डस्टर
पडतंय की, दोन मिनिटं. नंतर विचारतात "यात तुम्ही काय केलं?" मग?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
आणि भावा नुसतं शिकायचंच असेल तर एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर नोट्स, असाइनमेंट, पेपर सगळं उघडं पडलंय, लॉगिनसुद्धा लागत नाही. सर्टिफिकेट देत नाहीत, एवढंच.

पंचगंगेचं_पोरगं
सगळ्यांना थँक्यू. पप्पांना म्हटलं राहूदे, ते लगेच म्हणाले मग ठिबकचं बघू 😂 सर, पुराचा डेटा डोक्यात बसला. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाचं रोजचं बुलेटिन येतंय ते जुनं कुठनं गोळा करू? पेपरात छापलेलं चालेल का? आणि क्यूजीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर) माझ्या 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालेल का, का गेलाच लॅपटॉप?

चॉक_आणि_डस्टर
पेपरातलं चालेल, पण वेळ लिहून घे, सकाळची पातळी आणि रात्रीची पातळी एकाच रकान्यात घालू नकोस. 4 जीबीवर रडत रडत चालेल. फक्त शहराएवढाच नकाशा घे, अख्खा जिल्हा उघडू नकोस.