प्रति: अँग्लो-सॅक्सन म्हणजे नेमके कोण?

वर एका सदस्याने लिहिलंय की अँग्लो-सॅक्सन म्हणजे मूळचे इंग्रज, त्यात वाद कसला? 'मूळचे' हेच मला पटत नाही. अँगल, सॅक्सन, ज्यूट हे लोक पाचव्या शतकाच्या सुमारास उत्तर समुद्र ओलांडून आजच्या इंग्लंडमध्ये आले. त्याआधी तिथे ब्रिटन नावाचे केल्टिक लोक राहत होते. त्यांच्या बोलीची वारस असलेली वेल्श भाषा आजही जिवंत आहे.

जोडनावाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. आठव्या शतकात युरोपातल्या लॅटिन लेखकांनी ते वापरलं, जर्मनीतल्या सॅक्सनांपासून हे लोक वेगळे दाखवायला. नवव्या शतकातल्या वेसेक्सच्या राजा आल्फ्रेडच्या सनदांमध्ये 'अँग्लो-सॅक्सनांचा राजा' अशी पदवी येते. वेसेक्स आणि मर्सिया ही तिथली दोन राज्यं; वेसेक्सचे सॅक्सन आणि मर्सियाचे अँगल एका सत्तेखाली आणल्याचा तो दावा होता. सामान्य माणसं मात्र आपल्या भाषेला 'एंग्लिश'च म्हणत.

खरा घोळ एकोणिसाव्या शतकातला. ब्रिटन-अमेरिकेत हा शब्द 'श्रेष्ठ वंश' या अर्थाने रुळला. अमेरिकेत मेक्सिकोचा प्रदेश घेण्याचं समर्थन त्याच्या आधारे झालं, आयरिश कॅथलिकांना परकं ठरवलं गेलं. २०१९ मध्ये या काळाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या नावातून हा शब्द काढला, त्यामागे हा इतिहास आहे. ब्रिटनमधले अनेक पुरातत्त्वज्ञ तो त्या जुन्या कालखंडापुरता वापरतात, आणि तेवढा वापर मला रास्त वाटतो.

फ्रेंच लोक 'अँग्लो-सॅक्सन' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आजचे ब्रिटन-अमेरिका आणि तिथला मुक्त बाजार असतो. इंग्रजीत तर रोखठोक शिव्यांनाही हेच विशेषण लावतात.